फटफटीचें निदान

आयुर्वेदांत रोग्याच्या परीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. रोग्याकडे डोळे उघडून पाहावें, त्यास हात लावून पाहावा, आणि त्यास नीट विचारावें. वाग्भटाच्या ग्रंथांतील ही त्रयी संस्कृताच्या तासाला आम्हीं कितीदां तरी विद्यार्थ्यांस समजावून दिली असेल. परंतु तिच्यांतील तिसऱ्या साधनाचें मोल आम्हांस स्वतःला उमगलें तें सेवानिवृत्तीनंतर, सातारा-पुणें रस्त्याच्या कडेस, धोतराचा सोगा खोंचून एका बंद पडलेल्या फटफटीपुढें उभे असतां. ती हकीकत येथें सांगण्याचें प्रयोजन दुहेरी आहे. यंत्राच्या निदानाचें जें थोडें शास्त्र तींत आहे, तें ज्यांच्या अंगणांत एखादें जुनें वाहन उभें असेल त्यांच्या कामीं येईल. आणि आमची जी चूक तींत आहे, ती तर वाहन नसलेल्या घरांतही नित्य घडत असते.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. 'रॉयल एन्फील्ड'ची 'बुलेट'; १९७६ सालीं त्यांनीं ती घेतली. मूळचें हें वाहन इंग्लंडांतलें. १९५५ सालीं मद्रासेस त्याचा कारखाना निघाला, आणि पुढें १९७० सालीं इंग्लंडांतील उत्पादन थांबलें तरी मद्रासेस तें चालूच राहिलें. माहेर मोडलें तरी सासरीं वंश वाढावा तसें झालें. एंजिन एकाच सिलिंडरचें. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर, म्हणजे आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. आजच्या गाड्यांप्रमाणें तींत संगणकाची करामत नाहीं. जें बिघडावयाचें तें डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल असें. म्हणूनच बंधूंस ती प्रिय होती. रविवारीं सकाळीं पाना आणि फडकें घेऊन ते अंगणांत बसत, आणि त्यांचा मुलगा शेजारीं बसून पाहत असे.

गेल्या वर्षीं बंधू निवर्तले. यंदा त्यांचें वर्षश्राद्ध वांईस, आमच्या जुन्या घरीं करण्याचें ठरलें. घरचीं मंडळी आदल्या दिवशींच एस. टी.नें पुढें गेलीं. पुतण्याच्या मनांत मात्र वडिलांची गाडी तेथवर न्यावी असें होतें. "काका, मागें बसाल का?" असें त्यानें विचारलें तेव्हां आम्हांस नाहीं म्हणवेना. सकाळीं आठास साताऱ्याहून निघालों. चाळीस किलोमीटरांच्या आंतला रस्ता. साडेनऊपर्यंत पोंचून स्नान करून अपराह्णाच्या आधीं सर्व सिद्धता व्हावी, असा हिशोब होता.

लिंबखिंड ओलांडून थोडें पुढें गेलों असूं नसूं, तोंच गाडीला एकदोन गचके बसले आणि ती उभी राहिली. पुतण्या उतरला व म्हणाला, "काका, मला वाटतें..." परंतु त्यास काय वाटतें तें ऐकावयास आम्ही तयारच नव्हतों. आमचें निदान आधींच ठरलें होतें. तीन आठवड्यांपूर्वीं त्यानें आपल्या हातानें गाडीचा कंडेन्सर बदलला होता, आणि तेव्हांपासून आमच्या मनांत शंका घर करून होती.

कंडेन्सर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. एंजिनांतील पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण पेटविण्यास ठिणगी लागते. बॅटरीचा प्रवाह एका वेटोळ्यांतून, म्हणजे कॉइलमधून, जात असतो. पॉइंट नांवाच्या दोन लहान टिकल्या ठराविक क्षणीं एकमेकींपासून सुटतात आणि तो प्रवाह तुटतो. सुटतांना त्यांच्यांत पडणारें अंतर तें किती, तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. प्रवाह असा एकाएकीं तुटला कीं कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो व प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. परंतु टिकल्या सुटतांना त्यांच्याच मधें ठिणगी उडूं लागली, तर प्रवाह झटकन् तुटत नाहीं आणि टिकल्याही जळतात. तें टाळण्यासाठीं कंडेन्सर बसविलेला असतो. आणि या कंडेन्सरची एक खोड प्रसिद्ध आहे: जुना किंवा सदोष झाला म्हणजे तो थंड असतां काम देतो, तापला कीं दगा देतो, आणि निवल्यावर पुन्हां शहाण्यासारखा वागूं लागतो.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं आमच्या शंकेला शास्त्राचा असा भक्कम आधार होता. गाडी दहाबारा किलोमीटर चालली, तापली, थांबली. मग दोष कंडेन्सरचाच. पुतण्यानें प्लग काढला. तो कोरडा होता. तो सिलिंडरच्या डोक्यावर आडवा टेकवून त्यानें किक मारून दाखविली. स्वच्छ निळी ठिणगी उडाली. "काका, ठिणगी तर आहे," तो म्हणाला. आम्हीं उत्तर दिलें कीं ही ठिणगी आतां गाडी निवल्यावरची, तिचा भरंवसा काय? अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक कसें, याचा हा मासला. साध्या डोळ्यांस जें दिसत होतें, तें आमच्या विद्येनें झांकून टाकलें.

अर्धा तास आम्हीं पॉइंट पुसले, तारा चांचपल्या, प्लग घासला. मग किक मारतांच गाडी सुरू झाली. आम्ही म्हणालों, "पाहिलेंस? पॉइंटच खराब." ज्यास काकतालीय न्याय म्हणतात तें हेंच. कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एक गांठ पडली, म्हणून फळ कावळ्यानें पाडलें असें होत नाहीं. गाडी सुरू झाली ती अर्धा तास उभी राहिली म्हणून. पॉइंट पुसण्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. पण हें कळावयास अजून अवकाश होता.

पांचवडच्या अलीकडे ती पुन्हां थांबली. ऊन वाढलें होतें, साडेदहा होत आले होते, आणि आमचा तोल सुटला. आम्ही त्या मुलास म्हणालों, "तुझ्या वडिलांनीं जन्मभर जी जपली, ती तूं वर्षाच्या आंत मोडीत काढलीस. तुझ्या हातीं ही टिकावयाची नाहीं, विकून टाकूं." वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं, उपाशीपोटीं, भर रस्त्यांत त्यास हें ऐकावें लागलें. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें हँडल धरलें आणि दीडशे किलोंहून अधिक वजनाची ती गाडी ढकलूं लागला. आम्हीं मागून हात लावला.

पांचवडास वांईचा रस्ता जेथें फुटतो त्याच्या आसपास एका वयस्क मेस्त्रीचें दुकान सांपडलें. दुकान म्हणजे चार पत्रे, एक बांकडें आणि तेलानें काळवंडलेली जमीन. गाडी उभी करतांच आम्हीं त्यास सांगितलें, "कंडेन्सर गेला आहे, दुसरा घाला." मेस्त्रीनें पान्याला हात लावला नाहीं. तो बांकड्यावर बसला, आणि आमच्याकडे न पाहतां पुतण्याकडे पाहून त्यानें विचारलें, "चालवत कोन हुतं? बंद पडली ती एकदम, का दमादमानं?"

पुतण्या म्हणाला, "दमादमानें. आधीं ओढ कमी झाली, मग खोकल्यासारखी करूं लागली, मग गेली. तेल संपत आलेल्या समईसारखी." हेंच तो लिंबखिंडीपुढें सांगणार होता! आम्ही मागें बसलों होतों. आम्हांस फक्त शेवटचे गचके कळले. ज्याच्या मुठींत गाडीची नाडी होती, त्याचें तोंड आम्हींच मिटविलें होतें.

मेस्त्रीनें आम्हांस समजावून सांगितलें तें असें. ठिणगीचा दोष बहुधा दिवा मालवल्यासारखा एकाएकीं येतो, किंवा मधून मधून ठोके चुकवितो. पेट्रोलचा दोष उपाशी माणसाच्या ग्लानीप्रमाणें पायरीपायरीनें येतो. शिवाय गाडी थांबतांच प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोंचत आहे, ठिणगीकडे पाहा. कोरडा असेल तर ठिणगीला बोल लावूं नका, पेट्रोलची वाट तपासा. आमचा प्लग कोरडा होता आणि ठिणगी निळी होती. दर्शन आणि स्पर्शन आम्हींही केलेंच होतें. परंतु मनांत निर्णय आधीं ठरलेला असला म्हणजे डोळे आणि हात त्या निर्णयाचे चाकर होतात.

मग त्यानें परीक्षा सुरू केली. कार्बोरेटरला जाणारी रबरी नळी काढून तिचें टोंक एका बाटलींत धरलें आणि टाकीचा कॉक सोडला. पेट्रोल थेंब थेंब पडूं लागलें, आणि तेंही हळूहळू थांबलें. टाकी तर भरलेली! पुढें त्यानें एवढेंच केलें कीं टाकीचें झांकण फिरवून सैल केलें. आंत हवा शिरल्याचा 'सूं' असा बारीक आवाज झाला, आणि त्याच क्षणीं बाटलींत पेट्रोलची धार लागली. झांकण पुन्हां घट्ट लावलें. थोड्या वेळानें धार बारीक झाली. सैल केलें; धार मोठी झाली. असें त्यानें दोनदां करून दाखविलें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि ती पूर्ववत् करून फळही पूर्ववत् होतें कीं नाहीं तें पाहावयाचें: हाच अन्वयव्यतिरेक. ज्या रोगाचें लक्षण गूढ असतें, तेथें थोडा उपचार करून त्याच्या परिणामावरून रोग ओळखावा, असें वैद्यक सांगतें. त्यास 'उपशय' अशी संज्ञा आहे. मेस्त्रीस संज्ञा ठाऊक नसेल, कर्म मात्र चोख ठाऊक होतें.

कारण अगदीं साधें होतें. या गाडींत पेट्रोल टाकींतून कार्बोरेटरांत उतरतें तें केवळ आपल्या वजनानें. वीतभर उंचीच्या पेट्रोलचा दाब तो किती? वातावरणाच्या दाबाचा सुमारें साठावा भाग. पेट्रोल खालीं गेलें कीं टाकींत वर जागा रिकामी होते, आणि ती भरावयास बाहेरून हवा आंत यावी लागते. त्यासाठीं टाकीच्या झांकणांत एक बारीक भोंक ठेवलेलें असतें. तें बुजलें तर आंतला दाब उतरतो, आणि साठाव्या भागाएवढा उतरला कीं पेट्रोल जागच्या जागीं थबकतें. आमच्या वाचकभगिनींस हें नव्यानें सांगावयास नको. गोडेतेलाच्या नव्या डब्याला एकच भोंक पाडलें तर तेल अडखळत पडतें. दुसरें भोंक पाडलें कीं धार नीट लागते. दुसरें भोंक तेलासाठीं नसतें, हवेसाठीं असतें.

गाडी थोडा वेळ उभी राहिली कीं झांकणाच्या कडेनें हवा हळूहळू आंत झिरपे आणि गाडी पुन्हां चाले. गांवांतल्या लहान फेऱ्यांत हा दोष दिसला नाहीं, कारण पेट्रोल थोडें थोडें उतरे आणि झिरपणारी हवा पुरे. शिवाय टाकी अर्धी असली म्हणजे वर हवा पुष्कळ असते, त्यामुळें थोडें पेट्रोल उतरल्यानें दाब फारसा घटत नाहीं. टाकी भरलेली असली कीं तो लवकर घटतो. त्या दिवशीं लांबचा प्रवास म्हणून आम्हींच टाकी गळ्यापर्यंत भरावयास लावली होती.

मेस्त्रीनें झांकण उलटें केलें आणि सुरीच्या टोंकानें आंतून एक काळी, मऊ, फुगलेली चकती उचकटून काढली. "ही कुनी बसवली?" त्यानें विचारलें.

ती आम्हीं बसविली होती. पंधरा दिवसांपूर्वीं टाकीच्या झांकणाखालून पेट्रोल किंचित् पाझरून रंगावर डाग पडलेला आम्हांस दिसला. बंधूंच्या गाडीचा रंग जाऊं नये म्हणून आम्हीं सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल चकती कापली आणि झांकणांत घट्ट बसवून टाकली. ट्यूबचें रबर पेट्रोलांत फुगतें आणि मऊ पडतें, हें आम्हांस माहीत नव्हतें. आठपंधरा दिवसांत ती चकती फुगून झांकणाच्या भोंकावर गच्च बसली. टाकीच्या झांकणाला पेट्रोल सोसणारें रबर किंवा बुचाचें वायसर लागतें, आणि हवेचें भोंक मोकळें राहील असें तें बसवावें लागतें.

विशेष हें कीं गाडीला अलीकडे कोणाचा हात लागला, असें मेस्त्रीनें आरंभींच विचारलें होतें, आणि आम्हीं तत्काळ पुतण्याचें नांव घेतलें होतें. चकतीची आठवणसुद्धां आम्हांस झाली नाहीं. आम्ही खोटें बोललों असें नाहीं. मनुष्याची रीतच अशी आहे कीं दुसऱ्यानें केला तो उपद्व्याप, आणि आपण केली ती दुरुस्ती. उपद्व्यापांची यादी आपणांस तोंडपाठ असते. दुरुस्तीची कोणी यादी ठेवीत नाहीं. पुतण्यानें बसविलेला कंडेन्सर उत्तम काम देत होता.

वाटेंत आम्हीं त्यास "चुकलें हो" एवढेंच म्हटलें. तो म्हणाला, "असूं द्या, काका." परंतु रागें भरलों तें रस्त्यांत मोठ्यानें, आणि माफी मात्र पुटपुटत, हें आमच्या मनास लागून राहिलें. वांईस पोंचावयास पाऊण वाजला. श्राद्ध वेळेवर झालें. पंगत उठल्यावर, सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां, आम्हीं सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली: चकती कोणीं बसविली, बोल कोणास लाविला, आणि कोणत्या शब्दांत. धाकट्यांपुढें चूक कबूल करणें थोरांस जड जातें. शाळेंत छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविलेल्यास तर फारच जड. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनाही मी हेंच सांगत असें. आधीं विचारा, मग रागवा. ह्यांचाही क्रम उलटाच होता." बंधूंचा उल्लेख त्या दिवशीं प्रथमच हंसऱ्या तोंडानें झाला. पुतण्याही हंसला.

आतां ज्यांच्या घरीं असें जुनें वाहन असेल त्यांच्यासाठीं तपासणीचा क्रम सांगतों. गाडी थांबली कीं आधीं आठवा: एकाएकीं थांबली कीं हळूहळू, तापल्यावर कीं चढावर. मग टाकींत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, आणि झांकण सैल करतांच गाडी चालते काय, तें पाहा. लगेच चालली तर दोष झांकणाचा. झांकण उघडूनही ती निवेपर्यंत अडून बसली, तर कॉइल आणि कंडेन्सर यांवर संशय घ्या. त्यानंतर प्लग काढा. ओला, कोरडा कीं काजळी धरलेला, हें पाहा. झांकण आणि कॉक बंद करून, पेट्रोलचा ओलावा पुसून आणि सांडलें असेल तेथून दूर राहून मगच ठिणगी पाहा, आणि जवळ कोणासही विडी ओढूं देऊं नका. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील तर किकवर हलका भार देऊन पाहा. पायाला विरोध न लागतां ती सहज खालीं जात असेल तर सिलिंडरांतला दाब टिकत नाहीं असें समजावें, आणि तें काम जाणत्याकडे न्यावें. एका वेळीं एकच गोष्ट बदला. आणि या सर्वांच्या आधीं, चालविणारास विचारा व त्याचें उत्तर संपेपर्यंत थांबा.

घरांतही थोडा खटका उडाला कीं आपण कंडेन्सर शोधूं लागतों. सुनेनें नुकतेंच कांहीं बदललें, मुलानें नुकतेंच कांहीं नवें केलें, म्हणून बिघाड तेथेंच, असा आपला निश्चय असतो. बिघाड तेथें असेलही. परंतु बोलावयास आरंभ केलेल्यास "मला वाटतें" याच्या पुढचें वाक्य पुरें करूं द्यावें, आणि आपण हौसेनें बसविलेली एखादी चकती कोठें हवेची वाट अडवून बसली नाहीं ना, हेंही एकदां पाहून घ्यावें. गाडी विकण्याचा विषय अर्थातच निघाला नाहीं. बुचाचें वायसर पुतण्यानें आणलें आणि त्यानेंच बसविलें. आम्हीं फक्त फडकें धरलें.